जुन्या कोळसा वीज केंद्राचे नैसर्गिक वायूवर रूपांतर: निर्णयापासून पहिल्या ज्वालेपर्यंत

कोळशावर चालणारा जुना संच वायूवर आणायचा म्हणजे बर्नर बदलायचे आणि वायूची नळी जोडायची, अशी समजूत अनेकांच्या मनात असते. बर्नर हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. वर्षाला किती तास वीज विकली जाणार, वायू कोणत्या अटींवर मिळणार आणि कोळशाच्या ज्वालेसाठी आखलेला बॉयलर वायूच्या ज्वालेखाली कसा वागणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय बर्नरची मागणी नोंदवू नये. पुढील मार्गदर्शन प्रकल्प अभियंते, संचालन विभागातील अधिकारी आणि अशा प्रकल्पाचा अहवाल वाचून निर्णय घेणारी मंडळी यांच्यासाठी आहे. प्रत्यक्ष रचनेचे काम अर्थातच बॉयलर निर्मात्याच्या गणितांवर आणि त्या त्या देशातील बॉयलर व वायुसुरक्षा कायद्यांनुसारच करावे लागते.

प्रथम मार्ग निवडा

रूपांतराचे चार मार्ग आहेत. पहिल्यात कोळशाबरोबर काही प्रमाणात वायू जाळला जातो. कोळशाची यंत्रणा तशीच राहते आणि वायू मुख्यतः संच सुरू करताना किंवा कमी भारावर उपयोगी पडतो. दुसऱ्यात त्याच बॉयलरमध्ये पूर्णपणे वायू जाळला जातो. तिसऱ्यात बॉयलर काढून त्याच्या जागी गॅस टर्बाइन आणि तिच्या गरम निकास वायूंवर वाफ तयार करणारा बॉयलर बसवला जातो व जुनी वाफेची टर्बाइन त्या वाफेवर चालवली जाते. चौथ्यात जुने केंद्र पाडून त्याच जागेवर नवे संयुक्त चक्र केंद्र, म्हणजे गॅस टर्बाइन आणि तिच्या उष्णतेवर चालणारी वाफेची टर्बाइन यांची जोडी, उभे राहते आणि जुन्यातले फक्त स्विचयार्ड, पारेषण वाहिन्या, पाण्याचा स्रोत आणि जमीन वापरली जाते.

कोणता मार्ग निवडावा हे २०० मेगावॉटच्या एका नमुना संचावरून पाहू. जुना कोळसा संच एक युनिट विजेसाठी सुमारे १०.५ मेगाज्यूल उष्णता घेतो, असे धरू. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या गुणकांनुसार बिटुमिनस कोळशाच्या एक गिगाज्यूल उष्णतेमागे ९४.६ किलो आणि नैसर्गिक वायूच्या तेवढ्याच उष्णतेमागे ५६.१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे कोळशावर युनिटमागे सुमारे ९९० ग्रॅम, त्याच बॉयलरमध्ये वायू जाळला तर सुमारे ५९० ग्रॅम आणि ५७ टक्के कार्यक्षमतेच्या नव्या संयुक्त चक्रात सुमारे ३५५ ग्रॅम उत्सर्जन होते. ही गणिते निम्न उष्मांकावर, म्हणजे धुरातील पाण्याच्या वाफेची सुप्त उष्णता न धरता, केलेली आहेत; उच्च उष्मांकात ती धरली जाते. वायूचे बिल बहुधा उच्च उष्मांकावर येते आणि मिथेनच्या बाबतीत या दोहोंत सुमारे १० टक्क्यांचा फरक असतो, हे खर्चाचा तक्ता मांडणाऱ्याने विसरू नये; एका रकान्यात एक उष्मांक आणि दुसऱ्यात दुसरा धरल्यामुळे चुकलेले तक्ते दुर्मीळ नाहीत.

आकड्यांचा अर्थ असा की जुन्या बॉयलरमध्ये वायू जाळणे हा भांडवली खर्चात स्वस्त आणि इंधनात महाग मार्ग आहे. तेवढ्याच विजेसाठी तो संयुक्त चक्राच्या दीडपटीहून अधिक वायू खातो. म्हणून जो संच वर्षातून काही शे तास, मागणीच्या शिखरावर किंवा सौर-पवन वीज कमी पडल्यावर चालवायचा आहे, त्याच्यासाठी बॉयलर रूपांतर योग्य ठरते. जो वर्षभर अखंड चालवायचा आहे, त्याच्यासाठी ते माझ्या मते वायूची उधळपट्टी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या नोंदीनुसार २०११ ते २०१९ या काळात तेथील १२१ कोळसा केंद्रे अन्य इंधनांकडे वळली. त्यांपैकी १०३ वायूकडे गेली. ८६ केंद्रांनी बॉयलर रूपांतर केले, तर १७ ठिकाणी नवे संयुक्त चक्र केंद्र आले. बॉयलर रूपांतराची संख्या मोठी दिसते, तिचे एक कारण हेच की कमी तास चालणाऱ्या संचावर मोठा भांडवली खर्च परवडत नाही. चौथ्या मार्गाचे ठळक उदाहरण उत्तर फ्रान्समधील बूशँ येथे आहे. तेथील कोळसा केंद्र बंद झाल्यावर त्याच परिसरात उभ्या राहिलेल्या संयुक्त चक्र केंद्राने २०१६ मध्ये ६२.२२ टक्के कार्यक्षमता नोंदवली.

तिसरा मार्ग कागदावर आकर्षक वाटतो, पण त्यातील मेख सांगणे आवश्यक आहे. संयुक्त चक्रात सुमारे दोन तृतीयांश वीज गॅस टर्बाइन देते आणि एक तृतीयांश वाफेची टर्बाइन. २०० मेगावॉटची जुनी टर्बाइन पूर्ण वापरायची तर तिच्याबरोबर सुमारे ४०० मेगावॉटच्या गॅस टर्बाइन लागतात, म्हणजे पारेषण वाहिन्या आणि वायुवाहिनी ६०० मेगावॉटच्या हिशेबाने तपासाव्या लागतात. शिवाय जुन्या चक्रात टर्बाइनच्या मधल्या टप्प्यांवरून फीडवॉटर हीटरसाठी, म्हणजे बॉयलरला जाणारे पाणी तापवण्यासाठी, वाफ काढली जात असे. ती काढणे बंद झाले की शेवटच्या टप्प्यांतून आणि कंडेन्सरमधून जास्त वाफ जाऊ लागते, त्यामुळे बॉयलरने वाफ दिली तरी टर्बाइनचे शेवटचे टप्पे ती पेलतील असे गृहीत धरता येत नाही.

गळतीचा हिशेब टाळू नका

वायू स्वच्छ आहे हे विधान चिमणीपाशी खरे आहे. राख नाही, पारा नाही, गंधक जवळजवळ नाही. मात्र विहिरीपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत जो मिथेन जळण्याआधीच निसटतो, त्याची तापवृद्धी क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत २० वर्षांच्या काळात सुमारे ८२ पट आणि १०० वर्षांच्या काळात सुमारे ३० पट आहे. एक गिगाज्यूल उष्णतेसाठी सुमारे २० किलो मिथेन लागतो. त्यातील १ टक्का, म्हणजे २०० ग्रॅम, निसटला तर २० वर्षांच्या मापाने तो साडेसोळा किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. कोळसा आणि वायू यांच्यातील फरक ३८.५ किलोचा आहे. म्हणजे गळती सव्वादोन टक्क्यांच्या पुढे गेली की २० वर्षांच्या मापाने उष्णतेमागचा फायदा संपतो. १०० वर्षांच्या मापाने ही मर्यादा साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. कोळशाच्या खाणींतूनही मिथेन निघतो, तो येथे धरलेला नाही, आणि संयुक्त चक्रात वायू कमी लागत असल्याने तेथे मर्यादा सैल होते. तरीही पुरवठादाराकडून गळतीच्या मोजणीचा अहवाल मागणे आणि केंद्राच्या कुंपणाच्या आतील प्रत्येक फ्लँज, व्हॉल्व्हची ग्रंथी व व्हेंट यांची नियमित तपासणी करणे हे या प्रकल्पाचे अंग समजावे.

वायू येणार कसा

आपला नमुना संच पूर्ण भारावर तासाला सुमारे ५८ हजार घनमीटर, म्हणजे दिवसाला १४ लाख घनमीटर वायू घेईल. एवढा प्रवाह जवळच्या मुख्य वाहिनीतून मिळेल का, आणि हिवाळ्यात किंवा औद्योगिक मागणी वाढल्यावरही पुरेसा दाब राहील का, याची लेखी हमी हा प्रकल्पाचा पहिला टप्पा आहे. कोळशाचा साठा आवारात पंधरा-वीस दिवसांचा असू शकतो. वायूचा साठा वाहिनीत जेवढा दाबलेला असेल तेवढाच असतो. ज्या केंद्राकडून ऐनवेळी वीज देण्याची अपेक्षा आहे, त्याने एक तर खात्रीच्या पुरवठ्याचा करार करावा किंवा पर्यायी द्रव इंधनाची सोय राखावी. खंडित होऊ शकणारा वायू स्वस्त असतो, पण तो नेमका मागणीच्या शिखरावरच खंडित होतो.

करारातील किमान उचलीची अट, म्हणजे वायू घेतला नाही तरी ठरलेल्या हिश्श्याचे पैसे भरण्याची अट, कमी तास चालणाऱ्या संचाचे अर्थकारण उलटवू शकते. दुसऱ्या दिवशी किती वायू लागणार हे आदल्या दिवशी कळवावे लागते आणि प्रत्यक्ष उचल त्यापासून फार ढळली तर दंड लागतो. ज्या संचाला दिवसातून दोनदा चालू-बंद व्हायचे आहे, त्याच्या वीज नियोजनाची आणि वायू नियोजनाची माणसे एकाच टेबलावर बसलेली असावीत.

आवारात वायू शिरतो तेथे दाब कमी करण्याचे व मोजणीचे केंद्र लागते. त्यात आणीबाणीत बंद होणारा व्हॉल्व्ह, थेंब वेगळे करणारे पात्र, गाळण्या, मीटर, वायूचे घटक तपासणारा क्रोमॅटोग्राफ आणि दाब उतरवणाऱ्या समांतर ओळी असतात, जेणेकरून एक ओळ देखभालीसाठी बंद असताना दुसरी चालते. बॉयलरच्या बर्नरना तीन-चार बार दाब पुरतो, तर गॅस टर्बाइनला बहुधा २५ ते ४० बार लागतो; म्हणून पुढे टर्बाइन बसवण्याचा विचार असेल तर आताच वाहिनी त्या दाबाची घ्यावी. दाब एक बारने उतरला की वायू सुमारे अर्धा अंश सेल्सिअस गार होतो. ६० बारवरून ४ बारवर येताना तो २५ अंशांहून अधिक गार होतो, नळीवर बर्फ धरतो आणि त्यातील जड घटक थेंबांच्या रूपात वेगळे होऊ शकतात. त्यामुळे दाब उतरवण्यापूर्वी वायू तापवणारा हीटर ही चैन समजू नये.

बॉयलर: इथे वेळ द्या

संच चाळीस वर्षांचा असेल तर त्याच्या उरलेल्या आयुष्याची तपासणी आधी करावी. नळ्यांची जाडी, ड्रम आणि जाड हेडर (अनेक नळ्या जोडणारी मुख्य नळी) यांतील भेगा, मुख्य वाफेच्या नळीच्या वाकांवरील क्रीप म्हणजे उष्णता व ताणाखाली धातूचे हळूहळू ताणले जाणे, टर्बाइनच्या रोटरची आतील स्थिती या सर्वांचा अहवाल हाती यावा. जुन्या संचाने आयुष्यभर स्थिर भारावर काम केलेले असते. वायूवर आल्यावर तो रोज तापेल आणि रोज निवेल. जाड भिंतीच्या भागांना खरा ताण या चढउताराचा असतो. तपासणीत ड्रम नापास झाला, तर प्रकल्प तेथेच थांबवण्याचे धैर्य व्यवस्थापनाने दाखवावे.

त्यानंतर उष्णतेचे गणित. कोळशाच्या ज्वालेत जळते कण, काजळी आणि राख असते आणि हे तापलेले कण भट्टीच्या भिंतींकडे भरपूर उष्णता प्रारित करतात. वायूची ज्वाला निळसर, जवळजवळ पारदर्शक असते. तिचे उष्णता प्रारण मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफेच्या रेणूंकडून होते व ते कमी असते. दुसरीकडे कोळशाच्या भट्टीच्या भिंतींवर राखेचा थर असतो आणि वायूवर त्या भिंती स्वच्छ राहून जास्त उष्णता शोषतात. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात. शिवाय वायूला अतिरिक्त हवा कमी लागते, त्यामुळे मागच्या भागातून जाणाऱ्या धूरवायूंचे वस्तुमान घटते. या तिन्हींची बेरीज प्रत्येक बॉयलरमध्ये वेगळी येते: एखाद्या संचात सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या मर्यादेपेक्षा जास्त तापतात आणि पाणी फवारून वाफ थंड करणारी यंत्रणा तोकडी पडते, दुसऱ्यात रीहीटरची (टर्बाइनमधून परत येऊन पुन्हा तापवलेली) वाफ ठरलेल्या तापमानाला पोहोचतच नाही आणि टर्बाइनची क्षमता घटते. शेजारच्या संचाचा अनुभव येथे पुरावा म्हणून चालत नाही.

म्हणून प्रकल्प मंजूर होण्याआधी किमान एक महिना कोळशावरच, तीन-चार वेगवेगळ्या भारांवर मोजमापे घ्यावीत: भट्टीच्या तोंडाशी धूरवायूंचे तापमान, प्रत्येक उष्णता विनिमय टप्प्यातील वाफेची तापमाने, फवारणीचा प्रवाह, ऑक्सिजनचे प्रमाण. या आकड्यांवर संगणकीय प्रतिकृती जुळवून घ्यावी आणि मग तिच्यात वायू घालून पाहावा. सुपरहीटरच्या ज्या नळ्या सर्वाधिक तापण्याची शक्यता दिसते, तेथे धातूचे तापमान मोजणारे थर्मोकपल रूपांतराच्या बंद काळातच बसवावेत. गणितात तूट दिसली तर उपाय तीन: काही नळ्यांचा धातू बदलणे, उष्णता विनिमय पृष्ठभाग कमी-जास्त करणे, किंवा इकॉनॉमायझरनंतरचे (धुराच्या उरलेल्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागानंतरचे) थंड धूरवायू पंख्याने भट्टीत परत आणणे. तिसरा उपाय वाफेचे तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइड दोन्हींवर काम करतो, म्हणून बहुतेक अभ्यास तिकडेच वळतात.

कार्यक्षमतेबाबतही आधीच स्पष्टता असावी. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते आणि तिच्यातील सुप्त उष्णता चिमणीतून जाते. त्यामुळे उच्च उष्मांकावर मोजलेली बॉयलरची कार्यक्षमता काही टक्क्यांनी घसरते. न जळलेला कार्बन उरत नाही, अतिरिक्त हवा कमी लागते आणि कोल मिल, प्राथमिक हवेचे पंखे, राख वाहून नेणारे पंप बंद झाल्याने केंद्राचा स्वतःचा वीजवापर उतरतो. यातून घसरणीचा काही भाग भरून निघतो, सगळा नाही.

बर्नर, ज्वालादर्शक आणि कुलूपबंदी

भिंतीवरील बर्नरच्या बॉयलरमध्ये कोळशाच्या बर्नरच्या जागी वायूचा किंवा दोन्ही इंधनांचा कमी नायट्रोजन ऑक्साइडचा बर्नर बसतो. कोपऱ्यांतून ज्वाला फिरवणाऱ्या बॉयलरमध्ये कोळशाच्या नोझलांच्या मधल्या हवेच्या कप्प्यांत वायूच्या नोझल बसवता येतात. वायूत इंधनातील नायट्रोजन नसला तरी तापलेल्या ज्वालेत हवेतलाच नायट्रोजन जळतो, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडचा प्रश्न आपोआप सुटला असे समजू नये.

एक बारीक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कोळशाच्या ज्वालेवर नजर ठेवणारे ज्वालादर्शक बहुधा अवरक्त किंवा दृश्य प्रकाशातील लुकलुक टिपतात, कारण धूळ आणि राख अतिनील किरण शोषून घेते. वायूच्या ज्वालेचे लक्षण नेमके अतिनील किरणांत, ज्वालेच्या मुळापाशी असते. जुनेच दर्शक ठेवले तर नीट जळणारी ज्वाला त्यांना दिसणार नाही आणि संच विनाकारण ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे समोरच्या तापलेल्या भिंतीची चमक त्यांना ज्वाला वाटेल. म्हणून दर्शक नवे घ्यावेत, त्यांचा रोख बर्नरच्या तोंडापासून थोडा पुढे ठेवावा, आणि शेजारचा बर्नर पेटलेला व आपला विझलेला असताना दर्शक ‘ज्वाला नाही’ असे सांगतो का, हे प्रत्येक बर्नरवर प्रत्यक्ष तपासावे.

प्रत्येक बर्नरच्या वायुनळीवर दोन बंद व्हॉल्व्ह आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या हवेत उघडणारा एक व्हेंट व्हॉल्व्ह असतो. एक व्हॉल्व्ह गळला तरी वायू भट्टीत न जाता छतावर जातो. सुरू करण्यापूर्वी या दोन व्हॉल्व्हमधला भाग दाबून ठेवून गळतीची चाचणी घेण्याचा क्रम नियंत्रण प्रणालीतच बसवावा. ती चाचणी माणसाच्या मर्जीवर सोडू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या (एनएफपीए) बॉयलरविषयीच्या एनएफपीए ८५ या मानकानुसार पेटवण्यापूर्वी पूर्ण भाराच्या किमान २५ टक्के हवेच्या प्रवाहाने भट्टीतील हवा किमान पाच वेळा बदलली गेली पाहिजे. घाईच्या वेळी या काही मिनिटांवरच सर्वांचा डोळा असतो. म्हणूनच कुलूपबंदी (इंटरलॉक), म्हणजे आधीची अट पूर्ण झाल्याशिवाय पुढची क्रिया होऊ न देणारी व्यवस्था, चावीने ओलांडता येईल अशी ठेवू नये.

हवा आणि धूर यांची बाजू

वायूवर धूरवायू कमी आणि मार्ग मोकळा, त्यामुळे जुने आयडी फॅन (भट्टीतील धूर चिमणीकडे ओढणारे पंखे) गरजेपेक्षा बलवान ठरतात. संच ट्रिप झाला की वायूची ज्वाला क्षणात विझते, भट्टीतील तापलेले वायू झपाट्याने थंड होऊन आकुंचन पावतात आणि फॅन मात्र ओढतच राहतो. मिलमधील उरलेला कोळसा जळत असे, तेवढीही उसंत येथे मिळत नाही. याने भट्टीच्या भिंती आत ओढल्या जाऊन वाकू शकतात. म्हणून भट्टीतील दाबाचा क्षणिक अभ्यास, फॅनच्या झडपांचा वेग आणि गरज पडल्यास भिंतींच्या आधारांचे बळकटीकरण हा आराखड्याचा भाग असावा.

धुरातील राख विद्युतभाराने पकडणाऱ्या ईएसपीचा वीजपुरवठा तोडावा. तिच्या ठिणग्या हे न जळलेल्या वायूला पेटवण्याचे साधन आहे. आतील पत्रे काढून पेटीचा धूरमार्ग म्हणून वापर करता येतो. नळ्यांवरील राख फुंकून काढणारे सूटब्लोअर काढून त्यांची भोके बंद करावीत, कारण आता सूक्ष्म हवागळतीसुद्धा ऑक्सिजनचे वाचन बिघडवते. भट्टीच्या तळाशी ओल्या राखेचे पाणबंद कुंड असेल तर तळ उष्णतारोधक थराने झाकावा. वायूच्या धुरात १७ ते १८ टक्के पाण्याची वाफ असते आणि ती ५५ अंशांच्या पुढेच दवबिंदूला येते. जुन्या धूरमार्गात आणि चिमणीत गंधकयुक्त राखेचे थर राहिले असतील तर त्या ओलाव्याने त्यांचे आम्ल होऊन पत्रा व अस्तर खाल्ले जाते. चिमणी आधी आतून धुवून, वाळवून, तपासून घ्यावी.

कोळशाची बाजू बंद करणे

या कामाला कोणी फार महत्त्व देत नाही. बंकर पूर्ण रिकामे करावेत. तळाशी उरलेला कोळसा आपोआप तापतो आणि धुमसतो. तुळयांवर वर्षानुवर्षे साचलेली कोळशाची धूळ वायुनळीच्या वेल्डिंगची कामे सुरू होण्यापूर्वी निर्वात यंत्राने काढावी, झाडूने उडवू नये. जुन्या उष्णतारोधक आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून नमुने तपासावेत. राखेचा तलाव रूपांतराने नाहीसा होत नाही. त्याखालील भूजलाची तपासणी आणि तलाव बंद करण्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असलाच पाहिजे.

बर्नरच्या मजल्यावरील दिवे, मोटारी आणि स्विच हे धुळीच्या जागेसाठी घेतलेले असतात, ज्वलनशील वायूच्या जागेसाठी नव्हे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो आणि हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साचतो. धोक्याच्या क्षेत्रांचा नकाशा नव्याने काढावा, वायुशोधक वरच्या बाजूस बसवावेत आणि छताला मोकळे वायुवीजन द्यावे. मुख्य वाहिनीतील वायूला अनेक ठिकाणी गंध घातलेला नसतो; नाकावर विसंबणारा कामगार तेथे असुरक्षित असतो.

नळीत वायू सोडणे

नवी नळी पाण्याच्या दाबाने तपासून, वाळवून, आतून पिगने (नळीतून ढकलत नेलेल्या सफाईच्या गोळ्याने) किंवा दाबलेल्या हवेने साफ करावी. ज्वलनशील वायूचा झोत सोडून नळी साफ करण्याची पद्धत कोणत्याही सबबीवर वापरू नये. ७ फेब्रुवारी २०१० रोजी कनेटिकट राज्यातील मिडलटाउन येथे बांधकाम संपत आलेल्या वीज केंद्रात नेमके हेच चालले असताना स्फोट होऊन सहा कामगार मरण पावले. त्यानंतर आलेल्या एनएफपीए ५६ या मानकाने ही पद्धत निषिद्ध केली आहे. साफ केलेल्या नळीत हवेच्या मागे थेट वायू सोडू नये. आधी नायट्रोजन भरावा, ऑक्सिजनचे प्रमाण मोजावे आणि मग वायू आणावा. नळी उघडण्याच्या वेळी हाच क्रम उलटा. नायट्रोजन गंधहीन आहे आणि बंद जागेत गुदमरवतो, म्हणून व्हेंटच्या आसपासचा भाग दोरीने वेगळा ठेवावा.

बंद बॉयलर हा सुरक्षित बॉयलर असतो, हा समजही येथे सोडावा लागतो. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे १ फेब्रुवारी १९९९ रोजी वार्षिक तपासणीसाठी बंद केल्या जात असलेल्या बॉयलरमध्ये वायू साचून झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. देखभालीसाठी वायू तोडताना केवळ व्हॉल्व्ह बंद करून न थांबता नळीत पत्रा घालून ती तोडणे, पत्रा घालण्यापूर्वी आणि नंतर दाब व गळती तपासणे आणि प्रत्येक टप्प्यावर दोघांची सही घेणे, ही कार्यपद्धती रूपांतरापूर्वीच लिहून तयार असावी.

पहिली ज्वाला आणि त्यानंतरचे आठवडे

पहिले प्रज्वलन एका बर्नरवर, कमी दाबात, दिवसाच्या पाळीत करावे. पहिला प्रयत्न फसला तर लगेच दुसरा करायचा नाही. पुन्हा पूर्ण हवाबदल करून मगच. एकेक बर्नर जोडत भार वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर सुपरहीटरच्या नळ्यांची तापमाने प्रतिकृतीशी ताडून पाहावीत. फरक २०-२५ अंशांच्या पुढे गेला तर भार वाढवणे थांबवून कारण शोधावे.

हवेचे प्रमाण जुळवताना कोळशावर इकॉनॉमायझरनंतर साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवलेला ऑक्सिजन वायूवर दोन टक्क्यांच्या आसपास आणता येतो. किती खाली जायचे हे कार्बन मोनॉक्साइड सांगतो; तो एकाएकी वर जाऊ लागला की मर्यादा आली. हे मोजमाप धूरमार्गाच्या एका बिंदूवर न घेता संपूर्ण रुंदीभर जाळीने घ्यावे, कारण एका कोपऱ्यातील बर्नर हवेविना जळत असला तरी सरासरी आकडा चांगला दिसू शकतो.

कोळशावर घडलेल्या संचालकांच्या प्रशिक्षणाचा गाभा येथेच आहे. कोळशाला हवा कमी पडली की चिमणी काळा धूर सोडते आणि नियंत्रण कक्षाला सावध करते. वायूला हवा कमी पडली तर चिमणी स्वच्छच दिसते आणि भट्टीत न जळलेला वायू साचत जातो. अशा वेळी हवा वाढवण्याकडे हात जातो आणि तोच हात स्फोट घडवतो, कारण इंधनाने भरलेल्या गरम भट्टीला हवीच असलेली हवा त्याने दिलेली असते. आधी इंधन कमी करायचे आणि ज्वाला ढळली असेल तर संच ट्रिप करायचा, ही प्रतिक्रिया सिम्युलेटरवर अंगवळणी पडेपर्यंत कोणालाही पाळी सोपवू नये. कोळसा हाताळणी आणि राख विभागातील मनुष्यबळाचे काय करायचे, हेही रूपांतराच्या घोषणेबरोबरच ठरलेले असावे. त्यांच्यापैकी अनेकांना यंत्रांची जी जाण असते ती वायू केंद्राच्या देखभालीत उपयोगी पडते.

हमी चाचणी दोन भागांत घ्यावी: एक पूर्ण भारावर आणि दुसरी किमान स्थिर भारावर, कारण कमी तास चालणाऱ्या संचाची कमाई बहुधा दुसऱ्या आकड्यावर ठरते. साधारण एका वर्षानंतर संच उघडून सुपरहीटरच्या नळ्यांची जाडी व धातूची स्थिती, हेडरमधील भेगा आणि भट्टीच्या तळाचे उष्णतारोधक अस्तर पाहावे आणि त्या नोंदी रूपांतरापूर्वीच्या अहवालाशेजारी ठेवून पुढील तपासणीचे अंतर ठरवावे.